पाणी कोण ढकलतं

मोटार चालू होती, पण पाइपातून पाणी येत नव्हतं. अकराला लाइट आली तशी विलासनं तिसऱ्यांदा पंपाचं बूच काढलं, बादलीनं आत पाणी भरलं, बूच पान्यानं आवळलं आणि स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं. पाइपानं दोन गुळण्या टाकल्या, ढेकर दिल्यासारखा आवाज केला, आणि मग नुसतीच कोरडी फुरफुर.

"धरली हवा," विलास म्हणाला आणि त्यानं लाल बटण दाबलं.

ऊस पंधरा दिवसांचा तहानलेला होता. पानांच्या सुरळ्या झाल्या होत्या, वाफ्यांतल्या काळ्या मातीत पायाचं बोट जाईल एवढ्या भेगा होत्या. भालकी तालुक्यातल्या मेहकरच्या शिवारातली ही विहीर सामाईक. अर्धं पाणी विलासच्या घरचं, अर्धं रामलिंगचं. तीन दिवस यांची पाळी, तीन दिवस त्यांची. विलासचा बाप रामराव यानं तीस वर्षांपूर्वी दोन एकर रान घेतलं, त्यासोबत विहिरीतला हा वाटा आला. रामरावाच्या बापानं या विहिरीच्या पायरीवर कधी पाय ठेवलेला नव्हता. ते आता कुणी बोलत नसे. पण म्हातारा रोज सकाळी येऊन काठावरच्या दगडावर बसे, काम असो नसो.

भालकीहून सिद्धेश्वर मेस्त्री आला. त्यानं मोटारीवर हात ठेवला, पाइपाला कान लावला आणि निकाल सांगितला.

"पाच घोड्याची ताकद संपली हिची. साडेसातची बसवा. पाणी धो धो पडंल."

"पाण्यात बुडवायची मोटार घेतली तर?" रामलिंगनं विचारलं.

"इल्ला अण्णा, न्हाई जमायचं. तुमच्या विहिरीत गाळ किती हाय! दोन म्हैन्यात जळंल."

रामलिंग पन्नाशीचा, हाडापेरानं रुंद, धनगराच्या घरचा. मेंढरं आजाच्या काळातच गेली होती, दहा शेळ्या तेवढ्या राहिल्या होत्या. त्यानं हनुवटी खाजवली. येत्या बाजारी त्यानं शेळ्या विकायला काढायच्या, विलासनं म्हैस काढायची, आणि साडेसातची मोटार आणायची, असं दोघांचं तिथंच उभ्या उभ्या ठरलं. म्हैस दुभती होती. विलास ठरवताना पायाकडं बघत होता.

पंचशीला कडब्याची पेंढी डोक्यावर घेऊन बांधावर उभी होती. विलासची बायको, चाळिशीला आलेली. तिनं पेंढी खाली टाकली.

"मोठी मोटार आणून पाणी येणार न्हाई," ती म्हणाली.

दगडावरच्या म्हाताऱ्यासकट चौघांनीही तिच्याकडं बघितलं.

"कामून?" रामलिंग म्हणाला.

"मोटार पाणी ओढतच न्हाई, अण्णा. विहिरीतल्या पाण्यावर हवा दाब देती, ती ढकलती पाण्याला वर. मोटार पाइपात नुसती जागा करून देती. आन् हवेचा जोर चौतीस फुटापर्यंतच. त्याच्यावर तुमी पन्नास घोड्याची आणा, पाणी चढायचं न्हाई."

मेस्त्रीनं वर विहिरीवरच्या कडुलिंबाकडं बघितलं. "अक्का, या उन्हात पान हलंना झालंय. हवा कुठं हाय?"

विलास हसला. रामलिंगही हसला. पंचशीलाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. कारण मेस्त्रीनं विचारलं होतं तेच तिनं स्वतःला आठ दिवस विचारलं होतं, आणि तिला धड उत्तर सापडलं नव्हतं.

दहावीला ती गणितात आणि विज्ञानात गेली होती. त्याच वर्षी लग्न झालं. पुढं वीस वर्षं त्या गोष्टीचा विचार करायला सवड नव्हती. दोन वर्षांपूर्वी लेक मैत्रेयी शिकायला लातूरला गेली आणि तिची नववी-दहावीची पुस्तकं रद्दीत घालायला पंचशीलानं खाली काढली. आपण नेमकं कशात गेलो होतो ते बघावं, एवढ्यासाठी तिनं गणिताचं पुस्तक उघडलं. ते तिनं परत बांधलंच नाही.

ओसरीला शहाबादी फरशी होती. दुपारची भांडी झाली की ती तिथं खडूनं गणितं मांडायची आणि ओल्या फडक्यानं पुसायची. उणेला उणेनं गुणलं की अधिक का होतं, यावर तिचे चार महिने गेले. करायला जमत होतं, कळत नव्हतं. विलासनं एकदा विचारलं, "परीक्षा हाय का तुझी?"

"न्हाई."

"मग?"

ती पुढचं गणित मांडायला लागली. भाकरी थापतानासुद्धा डोक्यात उणे-अधिक चाललेलं असायचं, तवा धुरकटायचा. समजलं असं वाटून ती उठायची, आणि म्हशीला पाणी दाखवून येईतो ते निसटलेलं असायचं.

विज्ञानाच्या पुस्तकात हवेच्या दाबाचा धडा आला तेव्हा तर तिनं पुस्तक मिटूनच ठेवलं. हवेला वजन असतं म्हणे. एवढं वजन डोक्यावर असेल तर मान मोडत कशी नाही? मग तिनं घमेल्यात पाणी घेतलं, पेला आत बुडवून भरला आणि पालथा धरून वर उचलला. पेल्याचं तोंड पाण्यात होतं तोवर आतलं पाणी खाली आलं नाही. तिनं दहादा करून बघितलं. पुस्तकात लिहिलं होतं की हवेचा दाब दहा पूर्णांक तीन मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलून धरतो. स्तंभ म्हटल्यावर तिच्या डोळ्यांपुढं देवळातला दगडी खांब यायचा. पाण्याचा खांब कसा उभा राहील? तरी तिनं फरशीवर गुणाकार केला. चौतीस फुटाला जरासं कमी.

"चौतीस म्हणायलीस," रामलिंग म्हणाला. त्याचं हसू ओसरलं होतं. शेळ्या काढायच्या त्याच्या जिवावर आलं होतं. "आन् आपलं पाणी कितीवर हाय?"

कुणालाच माहीत नव्हतं. विहिरीत इतकी वर्षं उतरून कुणी मोजलं नव्हतं. पंचशीलानं दोराला दर फुटाला गाठ मारली, टोकाला दगड बांधला आणि मोटारीच्या ओट्यापासून खाली सोडला. गाठी तिनं मोठ्यानं मोजल्या, विलासनं मनात मोजल्या. छत्तीस.

"दोन फूट जास्त हाय," ती म्हणाली.

विहिरीच्या पोटात दोन टप्पे होते. पहिला ओट्यापासून पाच फूट खाली, चांगला रुंद. दुसरा चौदा फुटांवर, अरुंद, तिथवरच्या पायऱ्या ढासळलेल्या.

"पहिल्या टप्प्यावर ठेवली तरी बास. छत्तीसातनं पाच गेले, एकतीस राहतात."

"नक्की?" विलासनं विचारलं.

"नक्की."

मेस्त्रीनं फटफटीला किक मारली. "उतरवा मग. दमलाव की फोन करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी रामलिंग, त्याचा भाऊ योगीराज, विलास आणि दोन गडी कामाला लागले. पाइपाचे नट गंजले होते. घासलेट ओतून, घणानं ठोकून ते सुटायलाच दहा वाजले. लिंबाच्या आडव्या फांदीवरून जाड दोर टाकला. मोटार ओट्यावरून उचलली तेव्हा दोर करकरला आणि योगीराजच्या दंडाच्या शिरा वर आल्या. "सोड, सोड, धर... धर म्हणतो!" खाली टप्प्यावर रामलिंग दोन्ही हात वर करून उभा होता. मोटार भिंतीला घासत आली, एकदा गिरकी घेतली. तिला वळवायला म्हणून त्यानं हात घातला आणि त्याच वेळी वरचा दोर वीतभर घसरला.

रामलिंग ओरडला नाही. "आई गं," एवढंच हळू म्हणाला. मोटार बाजूला सरकवल्यावर त्याची मधली दोन बोटं काळी-तांबडी झालेली दिसली; एकाचं नख उलटलं होतं.

तरीही त्यानं काम थांबवू दिलं नाही. हाताला पंचा गुंडाळून तो पायरीवर बसला. पाइप जोडले, खालचा फुटबॉल, म्हणजे पाइपाच्या टोकाची जाळीची झडप, पाण्यात सोडला, पंप काठोकाठ भरला. विलासनं वर जाऊन बटण दाबलं.

मोटार घुमली. पाइपानं चार गुळण्या टाकल्या. सगळ्यांच्या माना पुढं झाल्या. पाचवी गुळणी अर्धी आली आणि फुरफुर सुरू झाली.

पुन्हा भरलं, पुन्हा तेच. दुपारचं ऊन विहिरीत सरळ उतरलं होतं. योगीराजनं दोर गुंडाळला आणि पंचशीलाकडं न बघता निघून गेला.

रामलिंगची बायको बाणूबाई हळद आणि फडकं घेऊन पळत आली. बोटं बांधताना ती नवऱ्याकडं बघत बोलली, पण बोलली ती पंचशीलाला.

"पुस्तकातली मोटार लोकाच्या हातावर उतरवायली."

पंचशीलानं गाठींचा दोर उचलला. घरी येऊन तिनं फरशीवर पुन्हा गुणाकार मांडला. दहा पूर्णांक तीन गुणिले तीन पूर्णांक अठ्ठावीस. उलटा केला, सुलटा केला. चौतीसला जरासं कमी. चूक कुठंच नव्हती आणि पाणी आलं नव्हतं. गणित चुकलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

"बाजार परवा हाय," विलास दारातून म्हणाला. तो रागावला नव्हता, हे तिला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं तो धडा पहिल्या ओळीपासून बोट ठेवून वाचला, पहिलीतल्या पोरासारखा, एकेक शब्द. पाण्याच्या स्तंभाच्या ओळीवर बोट थांबलं. ओळीच्या सुरुवातीला एक शब्द होता, जो ती प्रत्येक वेळी ओलांडून गेली होती: समुद्रसपाटीला.

तिनं समुद्र बघितलेला नव्हता. समुद्राचा आणि मेहकरच्या विहिरीचा काय संबंध, हे तिला कळेना. तिनं मैत्रेयीला फोन लावला.

"आई, मी लॅबला चाललेय. लवकर बोल."

"समुद्रसपाटीला म्हंजे काय गं?"

"समुद्राच्या लेव्हलला. उंचावर गेलं की हवा कमी, प्रेशर कमी."

"किती कमी?"

"शंभर मीटरला शंभरातला एक भाग, थोडा जास्तच. कामून?"

"आपण किती उंच हाव?"

मैत्रेयी हसली. "तुला आत्ता हे कशाला? रेल्वे स्टेशनच्या बोर्डावर लिहिलेलं असतं बघ. ठेवते."

पंचशीला जीपनं भालकीला गेली. विलासला तिनं बियाणं बघून येते असं सांगितलं. खरं सांगायची तिला लाज वाटली. स्टेशनात गाडीची वेळ नव्हती. फलाटाच्या टोकाला पिवळी पाटी होती, नाव तीन-चार भाषांत, आणि खाली बारीक अक्षरांत समुद्रापासूनची उंची. सहाशे मीटरच्या आसपास. इतक्या वेळा ती या पाटीखालून गेली होती. आकडा तिनं हातावर पेनानं लिहून घेतला. झाडणारी एक बाई झाडू थांबवून बघत राहिली.

"काय हुडकायलीस, अक्का?"

"आपण किती उंच हाव ते," पंचशीला म्हणाली. त्या बाईनं मान हलवली आणि पुढं झाडायला लागली.

परतताना जीपमध्ये तिनं मनात वजाबाकी केली. सहाशेला सात टक्के धरले तर चौतीसातून अडीच फूट जातात. उरले साडेएकतीस. मोटार एकतीसवर होती. काठावर होती, पण आत होती. म्हणजे तरीही पाणी यायला पाहिजे होतं! थोडं का होईना, यायला पाहिजे होतं. गावाचा फाटा आला तरी तिला उतरायचं भान नव्हतं. जीपवाल्यानं दोनदा हाक मारली.

रामराव विहिरीच्या काठावर नेहमीच्या दगडावर बसला होता. ती त्याच्याजवळ खाली बसली. सासऱ्याशी ती कामापुरतंच बोलायची. आज तिला दुसरं कुणी नव्हतं.

"मामा, तुमी पैले इंजनावर होता न्हवं?"

"व्हय. सात वर्सं. पाटलाच्या मळ्यात, तेलाचं इंजन."

"उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की काय करायचाव?"

"काय करायचं? इंजन खाली घ्यायचं. पंधरा हात."

"पंधरा हात?"

"पाण्यापासनं पंधरा हाताच्या वर इंजन ठेवायचं न्हाई. त्याच्यावर ओढतच न्हाई ते."

पंधरा हात म्हणजे साडेबावीस फूट. पंचशीला त्याच्या सुरकुतलेल्या तोंडाकडं बघत राहिली. दोन दिवस हा माणूस इथंच बसून सगळं बघत होता.

"मग बोललाव कामून न्हाई?"

"मला कुणी इचारलं?" म्हातारा म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती.

"पण पंधराच कामून, मामा? माझ्या हिशेबानं एकवीस हात यायला पाहिजे."

रामरावानं तंबाखूची चिमूट तळहातावर तशीच धरली. "ते न्हाई ठाव. जुन्या मेस्त्रीनं मला सांगितलं, त्याला कुणीतरी सांगितलं असंल."

साडेएकतीसातून साडेबावीस गेले, नऊ राहिले. एवढे नऊ फूट कुठं गेले? पाइपाच्या वाकणात? फुटबॉलाच्या जाळीत? की हवा इथं अजून पातळ होती? पंचशीलाच्या डोक्यात तिन्ही गोष्टी एकात एक अडकल्या आणि एकही सुटेना. ज्या दिवशी मोटारीनं पहिल्यांदा पाणी देणं सोडलं, त्या दिवशी पाणी कितीवर होतं हे कुणी मोजलं असतं तरी काही कळलं असतं. पुस्तकावर विश्वास ठेवावा की म्हाताऱ्यावर, हेही तिला समजत नव्हतं. दोघंही खोटं बोलणारे नव्हते.

एवढं मात्र तिला दिसत होतं: दुसरा टप्पा चौदा फुटांवर होता. छत्तीसातून चौदा गेले की बावीस.

ती तशीच रामलिंगच्या घरी गेली. बाणूबाई अंगणात तूर पाखडत होती. सूप थांबलं नाही. रामलिंग बाजेवर बसला होता, हात वर धरून. बोटं वांग्यासारखी सुजली होती. शेळ्यांना नवे दोर बांधलेले होते. सकाळी बाजार होता.

"अण्णा, अजून एकदा उतरवावी लागंल," पंचशीला उभ्यानंच म्हणाली. "दुसऱ्या टप्प्यावर."

सूप थांबलं. "आता पाय द्यायचे का त्या मोटारीला?" बाणूबाई म्हणाली.

"तू थांब," रामलिंग म्हणाला. "नक्की येईल का पाणी?"

मागच्या वेळी तिनं नक्की म्हटलं होतं. आताही म्हणता आलं असतं. जिभेवर शब्द आला होता.

"नक्की सांगता येत न्हाई. माझा आकडा चुकला. का चुकला ते मला अजून कळायलं न्हाई. मामा म्हणायलेत पंधरा हात. ते का म्हणायलेत ते त्यांनाबी ठाव न्हाई. पण मला वाटायलंय येईल."

रामलिंग शेळ्यांकडं बघत होता. "पावसाळ्यात तिथं मोटार बुडंल."

"रोहिण्या निघायच्या आधी वर काढू."

"आन् खाली धरायला कोण? माझा हात असा."

"मी धरते."

बाणूबाईनं तिच्याकडं पहिल्यांदा सरळ बघितलं.

विलास सकाळी म्हशीला धुऊन तयार होता. पंचशीलानं सांगितल्यावर त्यानं म्हशीच्या पाठीवर हात ठेवला. मग त्यानं तिला परत खुंट्याला बांधलं. "दुपारपर्यंत," म्हणाला. "पाणी न्हाई आलं तर पुढच्या बाजारी मी कुणाचं ऐकणार न्हाई."

दुसऱ्या टप्प्याच्या पायऱ्या नव्हत्याच. कमरेला दोर बांधून तिला सोडलं. भिंतीतल्या दगडांना शेवाळाचा वास होता, खालून गार वाफ येत होती. टप्पा दोन हात रुंद. मोटारीला जागा सोडून ती भिंतीकडं तोंड करून उभी राहिली तेव्हा टाचा अर्ध्या बाहेर होत्या. खाली हिरवट पाणी. वर गोल आभाळात चार डोकी. मोटार सरकत सरकत यायला लागली तसं आभाळ झाकलं.

"धर... हळू... भिंतीकडनं घे!"

तिनं हात खाली घातला नाही. रामलिंगनं निघताना एवढंच सांगितलं होतं, हात खाली घालू नको, खांद्यानं ढकल. तिनं खांदा लावला. लोखंड उन्हानं तापलेलं होतं, ब्लाउजातून चटका बसला. मोटार टेकली. योगीराज दोरानं खाली उतरला, दोघांनी मिळून नट आवळले. पाना देताना तो म्हणाला, "ताई, तिकडं सरका, पाय घसरंल."

दीडला लाइट आली.

ती वर आली नव्हती. मोटार तिच्या गुडघ्याशी घुमायला लागली. तिनं खालच्या पाइपावर तळहात ठेवला. पाइप गार होत गेला, जड झाला, मग आत काहीतरी सरसरत वर निघालं. वरून आधी फुरफुर ऐकू आली. तिनं डोळे मिटले. फुरफुर चालू राहिली, बंद झाली, आणि मग दगडावर पाणी आपटल्याचा आवाज. तो थांबला नाही. वरून कुणीतरी ओरडलं. विलास असावा.

पहिल्या टप्प्यावर मोटार पाण्यापासून एकतीस फूट होती तेव्हा चार गुळण्या, आणि इथं बावीसवर पाइप भरून. म्हणजे मधेच कुठंतरी, पंचवीसला, सत्तावीसला, ते तुटत असणार. नेमकं कुठं? आणि का तिथंच? पाण्याचा आवाज ऐकत ती तेच घोळवत राहिली. तिला वर ओढून घेतलं तेव्हा बाणूबाई काठावर उभी होती. तिनं पंचशीलाच्या पदराला लागलेलं ग्रीस बघितलं, "घासलेटनं निघंल," एवढंच म्हणाली आणि दारे धरायला उसात गेली.

म्हातारा रामराव पाटाच्या पाण्यात पाय सोडून बसला होता.

चार दिवसांनी रामलिंग बांधावर आला. उसाची पानं उलगडली होती. बोटांची सूज उतरली होती, नख गेलं होतं. तो थोडा वेळ पाटाचं पाणी बघत उभा राहिला.

"पाणी अजून खाली गेलं तर?"

"गाळ काढून खाली अजून एक टप्पा करावा लागंल. बावीसच्या आत ठेवायची."

"बावीसच कामून?"

पंचशीलाच्या हातात खुरपं होतं. ती उकिडवी बसलेली तशीच राहिली.

"ते मला अजून कळलं न्हाई, अण्णा. रोज बघायलेय."

रामलिंगनं मान हलवली. बांधावरून चार पावलं गेला आणि परत वळला.

"कळलं की मलाबी सांग," तो म्हणाला. "तू म्हणालीस ना, हवा ढकलती म्हणून. तवापासनं मला चैन न्हाई. एवढी हवा अंगावर हाय तर आपण चालायलाव कसं?"

"मलाबी तेच कळंना झालंय," पंचशीला म्हणाली.

मग दोघंही आपापल्या रानातून काही वेळ वर बघत राहिले. वर काहीच नव्हतं.